इतोसू आन्को : कराटेला शाळेत घालणारा कारकून

घाटपायथा

१९०८ च्या ऑक्टोबरात ओकिनावातल्या एका पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माजी कारकुनाने शिक्षण खात्यासाठी दहा कलमांचं एक पत्र लिहिलं. कराटेच्या इतिहासात लाथाबुक्क्यांचे किस्से रग्गड आहेत. पण या कलेचं नशीब फिरवलं ते या पत्राने, असं माझं मत आहे, म्हणून हा धागा.

माणसाचं नाव इतोसू आन्को. जन्म १८३१ चा, राजधानी शुरीतला. ओकिनावा तेव्हा जपानचा जिल्हा नव्हता, र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. १६०९ मध्ये दक्षिण जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते जिंकून मांडलिक केलं, पण राजा गादीवर ठेवला, कारण चीनशी चालणारा व्यापार त्यांना हवा होता. त्यामुळे र्‍युक्यूचा राजा एका हाताने चीनच्या बादशहाला नजराणा पाठवायचा आणि दुसऱ्या हाताने सात्सुमाचा वसूल भरायचा. इतोसू या दरबारात लेखनिक होते. सुवाच्य अक्षर, नेटका मसुदा, वरच्याला खालच्याने कसं लिहायचं याची जाण, हीच त्यांची भाकरी.

कराटे (तेव्हा म्हणायचे 'तोदे' किंवा नुसतंच 'ते') ते शिकले मात्सुमुरा सोकोन यांच्याकडे. हे मात्सुमुरा म्हणजे राजाचे अंगरक्षक आणि शुरीकडच्या जवळजवळ सगळ्या परंपरांचे मूळपुरुष. किस्सा असा सांगतात की मात्सुमुरा या शिष्याला म्हणाले, तुझ्या बुक्कीने काहीही आडवं होईल, पण मला तुझा हात लागायचा नाही. इतोसूंची ताकद तशीच होती. हिरवा बांबू मुठीत धरून चिरडायचे, असं त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन यांनी लिहून ठेवलंय. फुनाकोशींनी त्यांचं रूपही वर्णन केलंय: उंची बेताची, छाती पिंपासारखी गोल, मिशा लांब, आणि चेहरा मात्र शहाण्या मुलासारखा.

त्यांचाच एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. नाहा शहरात इतोसू एका खाणावळीच्या दारात शिरत असताना एका धटिंगणाने मागून त्यांच्या कुशीत बुक्की हाणली. इतोसूंनी वळूनही पाहिलं नाही. पोट आवळलं, बुक्की निसटली, आणि त्याच क्षणी त्यांनी उजव्या हाताने त्याचं मनगट पकडलं. तसंच त्याला फरफटत आत नेलं, बसले, घाबरलेल्या पोरींना जेवण आणि दारू आणायला सांगितलं. उजव्या मुठीत मनगट, डाव्या हातात पेला. एक घोट झाल्यावर त्याला पुढ्यात ओढून पहिल्यांदा तोंड बघितलं आणि म्हणाले, माझ्याशी तुझं काय वाकडं आहे ठाऊक नाही बाबा, पण आता आलायस तर थोडी घे.

१८७९ मध्ये जपानने राज्य खालसा केलं, राजा शो ताइला तोक्योला नेलं. दरबाराच्या जिवावर जगणारे सगळे खानदानी लोक एका फटक्यात रस्त्यावर आले. कुणी रिक्षा ओढली, कुणी शेती धरली. कराटे या लोकांचंच होतं, आणि तेही घराच्या आवारात, रात्री, दोनचार शिष्यांपुरतं. फुनाकोशी रात्री आझातो आन्को यांच्या अंगणात सराव करायचे. आझातो म्हणजे इतोसूंचे दोस्त, दोघंही मात्सुमुरांचे चेले. तोच 'काता' (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींचा संच) पुन्हा, पुन्हा, महिनोन्‌महिने, समाधान होईपर्यंत. नाइहान्ची या तीन कातांवर आपली जवळजवळ दहा वर्षं गेली, असं फुनाकोशी सांगतात.

आता विचार करा, हे शाळेत कसं शिकवणार? तास वाजला की पोरं रांगेत उभी, पाऊण तासाने पुन्हा वर्गात. इथे इतोसूंनी डोकं लावलं. १९०१ मध्ये शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटे व्यायाम म्हणून सुरू झालं, १९०५ पासून पहिल्या जिल्हा माध्यमिक शाळेत आणि शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलमध्येही. जुन्या लांबलचक कातांतल्या हालचाली घेऊन त्यांनी 'पिनान' नावाचे पाच काता बांधले. एकेक छोटा, सरळ रेषांवर चालणारा, आकड्यांच्या हुकमावर सगळ्या वर्गाला एकदम करता येईल असा. ही आजच्या कराटे क्लासची बाराखडी.

आणि मग ते पत्र. लेखनिकाची इतक्या वर्षांची मेहनत त्यात दिसते. पहिल्याच फटक्यात सांगितलं की कराटे ना कन्फ्यूशियस पंथातून आलंय ना बौद्ध धर्मातून, ते चीनहून आलंय. म्हणजे धर्माची भानगड नको म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचं तोंड बंद. पुढे: लहानपणापासून केलं तर हाडं आणि स्नायू दगडासारखे होतात, हातपाय भाल्यासारखे, आणि अशी मुलं पुढे सैन्यात कामी येतील. इथे चक्क वेलिंग्टनचा दाखला! नेपोलियनला हरवल्यावर तो म्हणाला होता म्हणे की आजचा विजय आमच्या शाळांच्या मैदानांवर मिळाला. (वेलिंग्टन असं खरंच म्हणाला का, हा वाद इंग्लंडात चालू दे. शुरीतल्या म्हाताऱ्याला तो दाखला कुठे वापरायचा ते बरोबर कळलं होतं.) सरावाचं म्हणाल तर रोज एकदोन तास, तीनचार वर्षं. माकिवारावर, म्हणजे गवताची दोरी गुंडाळलेल्या फळीवर, हात शंभर ते दोनशे वेळा. छाती काढून, खांदे पाडून, पायात जोर धरून उभं राहायचं. रणांगणावर असल्यासारखे डोळे. पण बेतानं, तोंड आणि डोळे लाल होईस्तोवर करू नका, शरीराला वाईट. कराटे करणारे दीर्घायुषी होतात, पचन सुधारतं, रक्त खेळतं.

शेवटी खरी मागणी. नॉर्मल स्कूलमधल्या विद्यार्थ्यांना शिकवून गावोगावच्या शाळांत पाठवा, दहा वर्षांत ही कला ओकिनावाभर आणि मुख्य जपानातही पसरेल. मार्च १९१५ मध्ये इतोसू वारले. मे १९२२ मध्ये तोक्योत शिक्षण खात्याच्या प्रदर्शनात कराटे दाखवायला गेलेले फुनाकोशी पेशाने शाळामास्तर होते.

पावशेर

मस्त लिहिलंय, वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. इतोसूंचा पट्टा कुठला होता? दहावा दान वगैरे?

घाटपायथा

@पावशेर, कुठलाच नाही. पट्टे आणि दान (काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या) ही जुदोच्या कानो जिगोरोंची पद्धत. १९२२ मध्ये कानोंनी फुनाकोशींना आपल्या जुदोशाळेत, कोदोकानमध्ये, प्रात्यक्षिकाला बोलावलं, आणि एप्रिल १९२४ मध्ये फुनाकोशींनी आपल्या काही शिष्यांना पहिल्यांदा दान दिले. तोवर इतोसूंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. पांढरा पोशाखही जुदोकडूनच आला. शुरीत लोक रोजच्या कपड्यांत सराव करायचे, उकाडा असला की अंगातलं काढून.

अर्धविराम

लेख चांगला आहे पण मला हे गौरवगीत पटत नाही. इतोसूंनी कराटेची पी.टी. करून टाकली. जुन्या कातांत पकड होती, सांधे मोडणं होतं, मानेला हात घालणं होतं, डोळ्यांत बोटं होती. शाळेच्या पोरांना हे शिकवता येत नाही म्हणून उघडे पंजे मिटून मुठी केल्या, अर्थ सांगणं सोडून दिलं आणि उरल्या हवेत मारलेल्या बुक्क्या. आज ब्लॅक बेल्टवाल्या पोराला विचारा की ही हालचाल कशासाठी, तर सांगेल 'ब्लॉक'. दोन हातांनी, कमरेत वळून, मागे बघत कसला ब्लॉक? ही सगळी कृपा इतोसूंची.

घाटपायथा

@अर्धविराम, तुमचं अर्धं मान्य. पिनानमध्ये मुठी वाढल्या, शाळेत अर्थ शिकवले जात नव्हते, खरं आहे. पण त्याच पत्राचं सहावं कलम बघा. कातातल्या प्रत्येक हालचालीचा अर्थ नीट समजून घ्या, ती कुठे वापरायची ते ठरवा. आत शिरणं, अडवणं, सुटका, पकड या सगळ्याच्या रीती आहेत, आणि त्यात बरंच काही तोंडी सांगायचं आहे. सातवं कलम म्हणतं की हा काता शरीर कमावण्यासाठी करतोय की वापरण्यासाठी, हे आधी ठरवा. म्हणजे दोन वाटा आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी ते सरकारी कागदावर लिहून दिलं. शाळेत एक, घरी दुसरी. चिबाना चोशिनसारखे शिष्य घरी शिकले. त्यांना दोनदा परत पाठवून तिसऱ्यांदा घेतलं म्हणतात.

तोंडी सांगायचं ते पुढच्यांनी सांगितलं नाही, किंवा त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, हा दोष पत्र लिहिणाऱ्याच्या माथी मारू नका.

अर्धविराम

पण पसरलं काय? घरचं की शाळेतलं? माणसाचा हिशोब त्याच्या हातून जे पसरलं त्यावर करावा लागतो. आणि मोतोबू चोकी याच इतोसूंचे शिष्य, त्यांचं काय म्हणणं होतं? दोन माणसांच्या सरावाला फाटा देऊन नुसते काता घोटण्यात अर्थ नाही, म्हणून १९२६ मध्ये त्यांनी पुस्तक काढलं ते फक्त दोघांच्या सरावावर.

घाटपायथा

तेच मोतोबू जन्मभर नाइहान्ची घोटत राहिले आणि लढाईला लागणारं सगळं त्यातून काढत राहिले. तो काता इतोसूंच्या शिकवणीचा पाया. असो, या मुद्द्यावर आपली दोघांची बैठक व्हायला हवी, इथे काथ्याकूट होईल.

चिंचगुळ

आमच्या क्लासमध्ये सरांनी सांगितलं होतं की जपान्यांनी शस्त्रबंदी केली म्हणून गरीब शेतकऱ्यांनी रिकाम्या हातांनी लढायची विद्या शोधली. मग हे दरबारी लोक, अंगरक्षक, कारकून कुठून आले मध्येच?

उंबरठा

@चिंचगुळ, ती गोष्ट जगभरातल्या क्लासमध्ये सांगतात, ऐकायला झकास वाटते. पण नावं बघा ना. मात्सुमुरा राजाचे अंगरक्षक, इतोसू लेखनिक, आझातो खानदानी, मोतोबू तर राजघराण्याच्या शाखेतले. शेतात दिवसभर राबणाऱ्याला रात्री नाइहान्ची घोटायला वेळ आणि जोर कुठून येणार? ज्यांना वतन होतं, चीनला जाणाऱ्या शिष्टमंडळांशी ओळखी होत्या, त्यांच्यात ही विद्या वाढली.

आता माझं घोडं. मी गोजू-र्‍यू ही नाहाकडची शैली करतो, म्हणजे शुरीवाल्यांच्या मते पलीकडच्या गल्लीतला. घाटपायथा, तुम्ही सगळं श्रेय इतोसूंच्या पदरात टाकलंत. नाहा बंदराकडे हिगाओन्ना कान्र्यो होते. घरचा जळाऊ लाकडाचा धंदा, चीनच्या फुजियान प्रांतात फूचौला जाऊन शिकले आणि परत येऊन सान्चिन हा काता पक्का केला. पाय आत वळवून, जमिनीला चिकटून, श्वास आवाजात सोडत. मास्तर मागून खांद्यावर, मांडीवर थापा मारून बघतो, अंग कुठे सैल आहे का. हिगाओन्नांनीही नाहाच्या वाणिज्य शाळेत शिकवलं. त्यांचे शिष्य मियागी चोजुन, त्यांनी १९४० च्या सुमारास 'गेकिसाइ' हे सोपे काता बांधले, तेही नवशिक्यांसाठीच. म्हणजे शाळेची वाट एकट्या इतोसूंची नव्हती.

घाटपायथा

@उंबरठा, गेकिसाइचा मुद्दा झकास. पण तो पिनानच्या तीस-पस्तीस वर्षांनंतरचा. सान्चिन शाळेच्या तासाला करून घेणं सोपं नाही, हे तुम्हीच सांगाल. पोरं पहिल्या महिन्यात कंटाळून जातील. दोन्ही घराण्यांकडे शिकलेला माणूस म्हणजे माबुनी केन्वा. इतोसू आणि हिगाओन्ना दोघांच्या नावांतली अक्षरं घेऊन त्यांनी आपल्या शैलीचं नाव शितो-र्‍यू ठेवलं. इतोसू गेल्यावर ते वर्षभर रोज त्यांच्या समाधीपुढे काता करायचे असं सांगतात.

टवाळपंत

थोडक्यात काय, जगातल्या कोट्यवधी पोरांच्या घामाला एका कारकुनाचा अर्ज जबाबदार. आमच्या हापिसातले अर्ज दोन टेबलं पुढे जात नाहीत हो.

रानवारा

धागा हलक्या अंगाने चाललाय, पण त्या शाळांत आणखी काय चालू होतं तेही लिहायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्याच वर्षांत ओकिनावाच्या शाळांत मुलगा घरची भाषा बोलला की त्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. दुसरा कुणी बोलताना सापडेपर्यंत ती त्याच्याच गळ्यात. म्हणजे जी शाळा आईची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा करते, तिथेच बापजाद्यांची मारामारीची विद्या अभ्यासक्रमात येते. का? तर ती सैन्याच्या उपयोगाची म्हणून मांडली गेली. भाषेसाठी असा अर्ज लिहिणारा कुणी भेटला नाही, आणि भेटला असता तरी खात्याने तो केराच्या टोपलीत टाकला असता.

सैन्याचं म्हणाल तर इतोसूंचे शिष्य याबू केन्त्सू आपणहून सैन्यात गेले, चीन-जपान युद्ध केलं, सार्जंट झाले आणि परत येऊन त्याच नॉर्मल स्कूलमध्ये कराटे शिकवू लागले. लोक त्यांना 'याबू सार्जंट'च म्हणायचे. रांगा, हुकूम, आकडे मोजत एकदम हालचाल, ही शिस्त तिथून आली असणार असं मला वाटतं. आणि १९४५ मध्ये अमेरिकन फौजा उतरल्या तेव्हा पहिली माध्यमिक शाळा आणि नॉर्मल स्कूल, दोन्हींची पोरं गणवेशातून थेट 'लोह-रक्त' विद्यार्थी तुकड्यांत भरती केली. कितीतरी परत आलीच नाहीत. इतोसूंनी ज्या दोन शाळांत १९०५ मध्ये कराटे नेलं त्याच या.

घाटपायथा

@रानवारा, या प्रतिसादासाठी दंडवत. इतोसू १९१५ मध्ये गेले, त्यांना १९४५ चं दोषी धरणार नाही मी. पण 'सैन्याला उपयोगी' हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, हेही झाकणार नाही. खालसा झालेल्या राज्याचा माणूस नव्या सरकारला आपली वस्तू विकत होता आणि सरकार काय विकत घेतं ते त्याला समजलं होतं. त्यांच्या मनात शरीर कमावणारी पोरं होती की शिपाई, हे पत्रातून वेगळं काढता येत नाही. दोन्ही एकाच वाक्यात बसवलंय त्यांनी. एक मात्र नोंदवतो. त्याच पत्रात असंही आहे की ही विद्या एकट्यादुकट्या प्रतिस्पर्ध्याला ठोकायला नाही, गुंड अंगावर आला तरी हातपाय वापरायची वेळ होता होईतो टाळा.

मोगरा

मी आई म्हणून वाचतेय, तज्ज्ञ नाही. मुलगी सोसायटीच्या गच्चीवर क्लासला जाते, पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आहे. तिचा 'हेयान शोदान' म्हणजे तुमच्या लेखातला पिनानच का? यूट्यूबवर 'पिनान शोदान' लावला तर वेगळंच काहीतरी निघालं, ती रडकुंडीला आली.

घाटपायथा

@मोगरा, तिला सांगा तिचं काहीच चुकलं नाही. तोच काता आहे, पण फुनाकोशींनी नाव बदलून 'हेयान' केलं आणि पहिल्या दोघांची अदलाबदल केली. इतोसूंचा पहिला पिनान जरा अवघड, दुसरा सोपा. फुनाकोशींनी सोपा आधी ठेवला. ('शोदान' म्हणजे पहिला, 'निदान' म्हणजे दुसरा.) म्हणून शोतोकान (फुनाकोशींची शैली) क्लासातला 'हेयान शोदान' म्हणजे ओकिनावातला 'पिनान निदान'. यूट्यूबवर 'पिनान निदान' शोधा, डावीकडे वळून खालचा अडथळा, मग एक पाऊल पुढे टाकून बुक्की, ओळखीचं वाटेल. तरी उभं राहण्यात फरक दिसेल. ओकिनावात पाय जवळ आणि उभं राहणं उंच, तुमच्याकडे खोल आणि लांब. ते जपानात पुढच्या पिढीत वाढत गेलं. परीक्षेला सर सांगतील तेच करायचं, तिला इतिहास नंतर सांगा.

मोगरा

हुश्श. धन्यवाद! ती म्हणतेय की त्या आजोबांचा फोटो दाखवा.

उंबरठा

नेटवर इतोसू म्हणून एक फोटो फिरतो, पण तो त्यांचाच आहे का यावर संशोधकांत भांडण आहे. तिला फुनाकोशींचं ते वर्णन वाचून दाखवा, मिशा आणि पिंपासारखी छाती. चित्र तीच काढेल.

घाटपायथा

फोटोवरून आठवलं. मोतोबू चोकींनी क्योतोमध्ये एका परदेशी मुष्टियोद्ध्याला सगळ्यांसमोर आडवं केलं, तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते. सप्टेंबर १९२५ मध्ये 'किंग' नावाच्या खपाच्या मासिकाने ही हकिगत छापली आणि चित्रांत मोतोबूंच्या जागी चेहरा काढला फुनाकोशींचा! दोघांचं आधीच फारसं पटत नव्हतं, त्यात ही भर. @अर्धविराम, मोतोबूंवर धागा तुम्ही काढणार की मी काढू?

अर्धविराम

मी काढतो. तुम्ही काढलात तर शेवटी तेही इतोसूंचंच श्रेय ठरवाल.